पाणी नाकारणारी माती

"बघा! डोळे फाडून बघा! घेत नाही! तुमची माती तुमच्या हातचं पाणी घेत नाही!"

झारीवाले महाराज गरजले आणि आमच्या जळक्या अंगणात जमलेली शे-दीडशे माणसं एकदम दोन पावलं मागे सरली. वहिनीच्या हातात स्टीलचा तांब्या होता. घरून आणलेलं साधं पाणी तिने स्वतः त्या राखाडी मातीवर ओतलं होतं, पण ते आत गेलं नाही. त्याचे पाऱ्यासारखे टपोरे थेंब झाले आणि मातीवर थरथरत बसून राहिले. एक थेंब राखेची साय पांघरून उतारावरून घरंगळत आला आणि वहिनीच्या बुटाशी थांबला. तिने पाय असा मागे घेतला, जणू कोणी धरायला आलं होतं.

"कोण गेलं या घरातलं?" महाराजांचा आवाज मऊ झाला.

"सासूबाई," वहिनी पुटपुटली.

"मग कोण पाणी नाकारतंय, ते कळलं ना, ताई?"

वहिनीचा चेहरा त्या मातीसारखाच झाला. महाराजांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. आवाज मात्र होता हो त्यांना! देवाचं नाव कोणी सुरात घेतलं की त्याच्यामागे कुठवरही जायचं, हा माझा जुना रोग. देवाची गोष्ट गाऊन सांगणारा भेटला, तर मी इस्त्री तापत ठेवून ऐकत बसतो आणि गिऱ्हाइकाचा सदरा जाळतो. म्हणून खरं तेच सांगतो, त्या दिवशी मीही डोललो. डोळे भरून आले माझे.

शेवटच्या ओळीवर महाराजांनी पितळेची झारी कलती केली. बारीक धार मातीवर पडली आणि माती ती प्यायली. थेंब नाही, ओघळ नाही, घटाघटा प्यायली. क्षणात तिथे काळा ओला डाग उमटला.

गर्दीतून हुंदका फुटला. महाराजांनी झारीतलं पाणी तळहातावर घेतलं, वहिनीच्या रेनकोटच्या उजव्या खांद्यावर पंजा दाबला आणि म्हणाले, "माफ केलं तुला तिनं. पण एक ऐक. ही माती आहे का? ही तुझी माणसं आहेत. ती पालिकेचं मशीन लावून खरवडणार आणि कचऱ्याच्या गाडीत टाकणार? सासूला? वरची एक चिमूटही बाहेर जाऊ देऊ नकोस. पायात भर. तिच्यावर घर बांध. ती सांभाळेल."

"कधी बांधू?" वहिनीने विचारलं.

"या शुक्रवारीच का नाही?" म्हणत महाराजांच्या मागे उभ्या असलेल्या ठेकेदाराने खिशातून मोजपट्टी काढली. महाराज दक्षिणेला हात लावत नसत, याचं सगळ्यांना कौतुक होतं. त्यांनी शांत केलेल्या प्रत्येक जमिनीवर घर बांधायचं काम या एकाच शिष्याला कसं मिळतं, याचं नवल मात्र कोणी केलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पाच आठवड्यांपूर्वी डोंगरावरचा वणवा वारा पाठीशी घेऊन उतरला आणि आमची सगळी गल्ली चाळीस मिनिटांत गेली. दादा मालवाहू जहाजावर, भर समुद्रात. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, लॉन्ड्रीत. वहिनीने दीड वर्षांच्या लेकीला, चिमणीला, काखोटीला मारलं, गाडी काढली, आणि आई फाटकापर्यंत आली होती, ती परत आत गेली. का गेली, ते वहिनीने कोणालाच सांगितलं नव्हतं. धुराने मागचं काही दिसेना, तेव्हा वहिनीला गाडी पुढे न्यावीच लागली. नंतर त्या जागी आईचं म्हणावं असं काहीच मिळालं नाही. चष्म्याची वितळलेली तार तेवढी सापडली, पण तीही शेजाऱ्यांची असू शकते.

तेव्हापासून वहिनी आणि चिमणी माझ्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत राहत होत्या. वहिनी रोज सकाळी पोरीला घेऊन जळक्या जागेवर जाऊन बसायची. नुसती बसायची. चिमणी राखेत खेळायची, बोटं तोंडात घालायची. एकदा मी हटकलं, तर म्हणाली, "आजीच्या मांडीवर खेळतेय ती, भावजी. खेळू द्या."

त्यानंतर पोरीची भूक गेली, ती चिडचिडी झाली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्तात शिसं निघालं. "जमिनीवरचं काहीतरी तोंडात जातंय हिच्या," डॉक्टर म्हणाले. "ते आजच्या आज थांबवा. हे औषधाने मिटवण्याचं दुखणं नाही, आधी तोंडात जाणं बंद व्हायला हवं. मेंदू वाढायचं वय आहे तिचं."

त्याच आठवड्यात पालिकेच्या मातीवाल्या मॅडम पाकीट देऊन गेल्या. आमच्या अंगणातल्या मातीत शिसं मर्यादेच्या नऊपट. कुठून आलं? आमच्याच भिंतींवरून. आईला रंगाची भारी हौस. चाळीस वर्षं दर दोन वर्षांनी घर रंगायचं, आणि जुन्या रंगांत शिसं असायचं. आमच्या सगळ्या सुखाचे थर एका दुपारी जळून मातीत उतरले होते. मॅडमचं म्हणणं सरळ होतं. वरची वीतभर माती खरवडून न्यायची, खालची पुन्हा तपासायची, मग घर. गुरुवारी आमच्या गल्लीत मशीन येणार होतं. जो संमतीच्या कागदावर सही करणार नाही, त्याची जागा सोडून मशीन पुढे जाणार. जागा वहिनीच्या नावावर होती, म्हणून सहीही तिचीच हवी होती.

"मी सही करणार नाही," महाराज येऊन गेले त्या संध्याकाळी वहिनी म्हणाली. तिच्या तोंडावर पाच आठवड्यांत पहिल्यांदा शांती होती, आणि तिचीच मला भीती वाटली. "शुक्रवारी तिथे पत्र्याची खोली टाकायची. मी आणि चिमणी राहायला जाणार."

"अगं, पण रक्ताचा रिपोर्ट?"

"तो आधीचा. आता माती शांत झालीय. तुम्हीच पाहिलंत ना? तुमच्याच डोळ्यांतून पाणी आलं ना?"

आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेनकोट धुवायला घेतले. जळक्या जागेवर जाताना राख अंगाला लागू नये म्हणून सगळी गल्ली रेनकोट घालायची आणि ते धुण्याचं काम माझ्याकडे असायचं. वहिनीचा पिवळा कोट मोरीवरच्या खुंटीला अडकवला आणि नळीने पाणी सोडलं. चांगल्या रेनकोटवरून पाणी कसं मोत्यांसारखं पळतं, तसं ते पळू लागलं. राख निघाली. पिवळा रंग उघडा पडला.

आणि उजव्या खांद्यावर एक हात उगवला.

मस्करी करत नाही. पाच बोटं आणि तळवा, काळपट, ओली. सगळीकडून पाणी पळत होतं आणि त्या हाताएवढ्या जागेत ते मुरत होतं. मी नळ बंद केला. हात तसाच. फडक्याने पुसला, वाळवला. हात गेला. पुन्हा नळ सोडला, हात पुन्हा आला.

आई जाता-येता आमच्या उजव्या खांद्यावर हात टेकायची. गुडघे दुखायचे तिचे, आणि आधार घेतला असं दिसू नये म्हणून वर म्हणायची, "खांदे वाकवून काय बसता रे सगळे?" त्या मोरीत, भर सकाळी, नळी हातातून कधी सुटली कळलं नाही. "आई?" मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही, हे देवाचे उपकार.

पण तीस वर्षं ज्या हातांनी डाग काढले, त्या हातांना गप्प बसवत नाही. मी कोट जवळ ओढला आणि त्या पंजाला बोट लावलं. बुळबुळीत. नाकाशी नेलं. लिंबाचा वास! भांडी घासायच्या पातळ साबणाचा.

मी मटकन स्टुलावर बसलो आणि स्वतःलाच चार शिव्या घातल्या. हे मला नाही कळणार, तर कोणाला? नवा पोऱ्या कामाला ठेवला की पहिल्या दिवशी मी हेच बजावतो. रेनकोट साबणाने धुतलास, तर दहा पाण्यांतून काढ. साबणाचा अंश राहिला की पाणी पळवणारा कोट पाणी पिणारा होतो आणि गिऱ्हाईक भिजून येऊन आपली सालं काढतं. खात्रीसाठी मी दुसरा कोट घेतला, साबणाच्या पाण्यात तळहात बुडवून त्यावर दाबला, वाळवला, पाणी सोडलं. हात उगवला. या खेपेला माझा.

काल महाराजांनी पंजा दाबला होता तो याच खांद्यावर; झारीत साबण होता, हे कळलं. पण साधं पाणी मातीने का नाकारलं? माती काही रेनकोट नव्हे. ते विचारायला मी मॅडमकडे गेलो. शाळेच्या रिकाम्या वर्गात त्यांचं तात्पुरतं ऑफिस होतं. बाकावर मातीच्या पिशव्या हजेरीला बसल्यासारख्या ओळीने मांडलेल्या.

माझं ऐकून त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वणव्यात पानं, डिंक, लाकडातलं तेल जळतं. सगळंच वर जात नाही. काही वाफ मातीत शिरते आणि गार झाली की एकेका कणावर मेणासारखी बसते. मग पाणी आत जात नाही. सगळीकडे नाही होत, पण तुमच्या उतारावर झाडी दाट होती."

"म्हणजे मातीने रेनकोट घातलाय!"

"अगदी बरोबर. साबणाने मेणाचा हट्ट सुटतो. धूळ बसावी म्हणून आमच्या टँकरच्या पाण्यातही आम्ही असंच काहीतरी मिसळतो." त्या क्षणभर थांबल्या. "फक्त गात नाही."

"आणि शिसं? पाणी मुरलं म्हणजे तेही..."

"शिसं जिथल्या तिथे. साबणाने ते जात नाही, गाण्याने तर नाहीच. ती माती पायात भरली, तर तुमच्या भाचीच्या..."

"पुतणीच्या."

"पुतणीच्या अंथरुणाखाली भरल्यासारखं आहे. उद्या कोणी एक खड्डा खणला की पुन्हा वर."

बुधवारी दुपारी महाराजांची झारी मास्तरांच्या जागेवर निघाली. हे मास्तर कोण, तर आम्हा सगळ्यांना शाळेत विज्ञान शिकवलेले. पाणी तापवा, वाफ पकडा, प्रश्न विचारा, असं सांगून ज्यांनी आमचे कान पिळले, तेच आज हात जोडून रांगेत पहिले. हसू नका. त्यांची बायको याच गल्लीत गेली. माणूस तुटला की आधी डोकं फुटत नाही, आधी एकटेपणाने मन तडकतं, आणि त्या फटीतून कोणीही आत येतं.

मास्तरांनी लोटा ओतला. थेंब थरथरत बसले. मास्तर लहान मुलासारखे रडू लागले. वहिनी चिमणीला कडेवर घेऊन त्यांच्या शेजारी उभी होती, परवाच्या अनुभवाची साक्षीदार म्हणून. महाराजांनी सूर लावला, झारी उचलली.

"थांबा, महाराज," मी म्हणालो. "आधी माझ्या एका गिऱ्हाइकाला शांत करा." आणि कोरा करकरीत रेनकोट त्यांच्या पायाशी अंथरला.

"कोण रे हा?"

"लॉन्ड्रीवाला. गल्लीत मला इस्त्री म्हणतात."

"मग इस्त्री कर. इथं काय काम?"

"हा कोट पाणी घेत नाही, महाराज. बघा." मी मास्तरांच्या लोट्यातलं पाणी कोटावर टाकलं. थेंब, मोठे टपोरे. "याच्यात कोणाचा आत्मा अडकलाय, तेवढं सांगा."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. महाराज म्हणाले, "मृतांची थट्टा करतोस? तुझी आई या मातीत आहे!"

"माझी आहे. तुमची नाही. म्हणून विचारतोय. टाका झारीतलं पाणी."

"ही झारी श्रद्धेशिवाय कलत नाही!"

"मग माझ्या श्रद्धेवर कलवा. देवाचं नाव घेतल्याशिवाय मी सकाळचा चहा पीत नाही. विचारा कोणालाही."

"घेतो, घेतो," कोणी म्हणालं. "आमच्या कानाशी घेतो, भसाड्या आवाजात."

हशा झाला आणि महाराजांचा ताल चुकला. ठेकेदार पुढे झाला. "ए, इस्त्री, बाजूला हो. झारीत शुक्राचार्य होऊन बसू नकोस."

"बसलो असतो, शेट, पण आत जागा नाही. साबणाने भरलीय."

हे चाललं असताना वहिनी केव्हा पुढे आली, कोणालाच दिसलं नाही. तिने चिमणीला माझ्याकडे दिलं आणि महाराजांच्या हातातून झारी सरळ काढून घेतली. त्यांनी ओढली, पण सगळ्या गल्लीसमोर एका बाईशी झोंबाझोंबी कशी करणार? वहिनीने रेनकोटवर धार धरली. कोट ती प्यायला. काळा, ओला, पसरट डाग. तिने पुन्हा धरली. कोट पुन्हा प्यायला.

मग मी माझी बादली आणली. साधं पाणी, आणि त्यात सगळ्यांसमोर दोन झाकणं भांड्यांचा साबण. मास्तरांच्या मातीवर ओतलं. ना सूर, ना ताल. माती घटाघटा प्यायली. मॅडमनी सांगितलेलं मेणाचं सगळं मी माझ्या भाषेत सांगितलं. मातीने रेनकोट घातलाय, साबणाने तो उतरतो, विष मात्र आतच राहतं.

महाराज बरंच बोलले. कलियुग, नास्तिक, शाप. पण एकाने झारीत बोट बुडवून दोन बोटं चोळली आणि त्यांतून बुडबुडा फुंकला. बुडबुडा तरंगत महाराजांच्या दाढीपर्यंत गेला आणि फुटला. त्यानंतर शापाला कोण भीक घालतो? ठेकेदाराने मोजपट्टी गुंडाळली आणि महाराजांच्याही आधी गाडीत जाऊन बसला.

माणसं हसत होती, चिडत होती. वहिनी तिथेच राखेत बसली. मला वाटलं, आता तरी सुटली. तिने वर पाहिलं.

"भावजी, मग परवा मला माफ कोणी केलं?"

तो साबण होता, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"आईंनी पाणी मागितलं होतं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मी चिमणीसकट खाली बसलो. "फाटकात. घशात धूर गेला होता त्यांच्या. मी ओरडले, 'गाडीत बसा आधी, बाटली गाडीत आहे!' खरंच होती, भावजी. पण त्यांना वाटलं असेल, मी उगाच ओरडले. त्या आत गेल्या. पाणी प्यायला. आणि परवा मातीने माझं पाणी घेतलं नाही, तेव्हा मला वाटलं..."

मास्तर ऐकत होते. मागे जळून उभी राहिलेली झाडं आणि त्यांच्यातून वाहणारा वारा, तेवढाच आवाज.

"वहिनी," मी म्हणालो, "ती तुझ्यावर रागावली होती की नाही, मला ठाऊक नाही. तू कोणालाही विचार, कोणालाच ठाऊक नाही. पण तिचा राग या मातीत नव्हता, आणि तिची माफी त्या झारीत नव्हती. मेण होतं आणि साबण होता. बाकी जे आहे, ते तुझं, माझं आणि देवाचं. त्याच्यात तिसरा माणूस आणायचा नाही."

चिमणी माझ्या हातातून वाकून खाली पोहोचली होती. तिने मूठभर राख उचलली आणि मूठ तोंडाकडे नेली. वहिनीने झडप घालून तिचा हात धरला. बोटं एकेक करून उघडली, आपल्या ओढणीने पुसली, पुन्हा पुन्हा पुसली. मग उठली आणि मॅडमच्या ऑफिसकडे चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही तिने.

गुरुवारी मशीन आलं. टँकरने आधी धूळ बसवली, मग लोखंडी पात्याने वीतभर माती उचलली आणि ताडपत्रीने झाकलेल्या गाडीत भरली. आम्ही रस्त्याच्या पलीकडे, तोंडाला मास्क लावून उभे होतो. माझ्या आईचं जे काही त्यात होतं, ते गेलं. सोपं नव्हतं. मी देवाचं नाव घेतलं, भसाड्या आवाजातच. ड्रायव्हरने आपण होऊन इंजिन बंद केलं आणि माझं संपेपर्यंत टोपी हातात धरून बसला.

मास्तरांनी मात्र सही केली नव्हती. सगळं कळूनही. पात्याने आमची हद्द संपवली, तेव्हा ते आपल्या जागेवर मधोमध खुर्ची टाकून बसले होते.

वहिनी गेली त्यांच्याकडे. मी मागे राहिलो, पण ऐकू येत होतं.

"मला कळतंय गं, पोरी," मास्तर म्हणाले. "मेण, साबण, शिसं, सगळं कळतंय. मीच शिकवायचो. पण गाडीत घालून पाठवू कशी तिला?"

"मास्तर, कालपर्यंत मी माझ्या सासूला माझ्या मुलीच्या पोटात घालत होते. प्रेमाने."

मास्तरांनी पायाखालच्या मातीकडे पाहिलं.

"काकू असत्या, तर या मातीत शेजारचं एखादं पोर बसू दिलं असतं त्यांनी?"

"पाठीत धपाटा घालून उठवलं असतं," मास्तर म्हणाले. हसले की रडले, मास्कमुळे कळलं नाही. "पेन आहे का कोणाकडे?"

बाबांनो, बायांनो, मी शिकलेला माणूस नाही. देव मानतो आणि मरेपर्यंत मानीन. म्हणूनच सांगतो, देवाला साबण लागत नाही. जो तुमच्या दुःखाला चमत्कार दाखवतो, त्याच्या झारीत बोट बुडवून बघा. त्याने देव विटाळत नाही. गेलेल्या माणसासाठी रडा, गा, हात जोडा. पण ज्या जमिनीवर लेकरू सोडायचंय, ती आधी तपासून घ्या.